एका तिकिटावर दोन हात

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, अलीकडे पाककृतींचेही होऊ लागले आहे. टपालाच्या तिकिटाचे मात्र कोणी करीत नाही. तिकिटांवर लिहितात ते संग्राहक, आणि त्यांना विचारायचे असते ते एवढेच की हे कोणत्या सालचे, कडेला दाते किती, आणि आज त्याचे मोल काय. चित्र म्हणून ते बरे आहे की वाईट, हा प्रश्न त्यांच्या यादीत फार खाली येतो. वास्तविक भल्या भल्या चित्रकारांना आयुष्यभरात लाभत नाहीत एवढे डोळे या इंच-दीड इंच कागदाला लाभत आलेले आहेत. ज्यांनी कधी चित्रांच्या प्रदर्शनाचा उंबरठा ओलांडला नाही, त्यांच्या हातातही हे चित्र पडलेले असते, आणि त्याला त्यांनी जीभही लावलेली असते. असा मान दुसऱ्या कोणत्या कलाकृतीला मिळाला असेल?

तिकिटांच्या एकाच जातीविषयी मला येथे लिहावयाचे आहे. सामान्यतः तिकीट एका पद्धतीने छापले जाते. परंतु काही तिकिटे अशी आहेत की त्यांचा अर्धा भाग एका पद्धतीने आणि उरलेला दुसऱ्या पद्धतीने छापलेला असतो. दोन यंत्रे, दोन प्रकारची शाई, आणि दोन प्रकारची कारागिरी अंगी असलेले दोन हात. हे हात एकमेकांना साथ देतात की एकमेकांचे दोष झाकतात, हा माझा प्रश्न आहे.

त्यासाठी प्रथम पद्धतींची ओळख करून घेतली पाहिजे. ती थोडक्यात उरकतो. पहिली टाइपाची छपाई: अक्षर किंवा चित्र ठशावर उंच असते, उंच भागाला शाई लागते आणि ती कागदावर दाबली जाते. आपल्या लग्नपत्रिका कित्येक वर्षे याच पद्धतीने निघत होत्या. दुसरी शिळाछपाई. तेल आणि पाणी एकमेकांना धरीत नाहीत, या साध्या गोष्टीवर आलोइस सेनेफेल्डर या बव्हेरियातील गृहस्थाने १७९६ च्या सुमारास ती उभी केली. शिळेवर उंच-सखल काही नसते. जेथे तेलकट रेघ तेथे शाई, जेथे ओल तेथे कोरे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले ते याच रीतीने, आणि आजचे ऑफसेट हे तिचेच नातवंड. तिसरी खोदछपाई: पोलादाच्या पत्र्यावर रेघा खोल कोरायच्या, त्या शाईने भरायच्या, वरचा पृष्ठभाग स्वच्छ पुसून काढायचा, आणि मग जबर दाबाने कागद त्या खाचांत घुसवायचा. शाई कागदावर उभी राहते. तिच्यावरून नख फिरवले तर ती लागते. चौथी फोटोग्रॅव्हूर. हिच्यात चित्राची बारीक बारीक खळगी करतात, आणि खळगी जेवढी खोल तेवढी सावली गडद. तिकिटांत ती प्रथम आली १९१४ मध्ये, बव्हेरियाच्या. याखेरीज एक पाचवी, शाईशिवायची: कागद दोन साच्यांमध्ये दाबून आकृती वर उठवायची. तिला मी उठावाचा ठसा म्हणेन.

हे सारे पोथीतले वाटत असेल तर आपल्या पाकिटातली पाचशेची नोट काढून पाहावी. तिच्यावरील फिकट रंगांची नक्षी ऑफसेटची आहे. गांधीजींचा चेहरा, अशोकस्तंभ आणि रिझर्व्ह बँकेच्या वचनाचा मजकूर खोदछपाईचा आहे. डोळे मिटून अंगठा फिरवला तरी तो कळतो. क्रमांक टाइपाच्या छपाईचा आहे, आणि पाचशेचा आकडा अशा शाईचा आहे की नोट तिरपी केली की हिरव्याचा निळा होतो. एकाच कागदावर एवढ्यांचे हात लागण्याचे कारण सौंदर्य नव्हे, चोर हे आहे. खोटी नोट करणारा एका विद्येत निष्णात असू शकतो. तिन्ही-चारही विद्या, त्यांची सर्व यंत्रे आणि त्या यंत्रांचे कारागीर एका छपराखाली गोळा करणे त्याला जड जाते.

तिकिटांत मात्र या संकराचा उगम चोराच्या भयात नव्हे, रसिकतेत आहे असे मला वाटते, आणि याला माझा साक्षीदार आहे एक कबुतर.

स्वित्झर्लंडातील बाझल या शहराने १ जुलै १८४५ रोजी आपल्या शहरापुरते एक तिकीट काढले. किंमत अडीच रापेन. इंग्लंडने जगातले पहिले चिकटवायचे तिकीट काढून तेव्हा अवघी पाच वर्षे झाली होती. राणीचे ते काळे तिकीट एकाच रंगाचे आणि संपूर्ण खोदछपाईचे होते. बाझलच्या मंडळींनी एकदम तीन रंग घेतले: काळा, किरमिजी आणि फिकट निळा. तिकिटाची आकृती काढली मेल्खियोर बेरी या वास्तुविशारदाने, छपाई झाली फ्रांकफुर्टला, आणि ती टाइपाच्या रीतीची. परंतु मध्यभागी किरमिजी ढालीवर जे कबुतर चोचीत पत्र धरून चालले आहे, त्याला कोणताच रंग नाही. ते कागदाचेच आहे. मागून साचा दाबून तेवढा कागद वर उचललेला आहे.

बेरीने दोन पद्धती वापरल्या ही केवळ इतिहासाची नोंद झाली. समीक्षकाने विचारावयाचे ते असे की, कबुतर नुसते पांढरे सोडून दिले असते तर काय बिघडले असते? बिघडले असते असे माझे उत्तर आहे. नुसते पांढरे सोडलेले कबुतर म्हणजे किरमिजी रंगाला पडलेले भोक. भोवतालचा रंग पुढे आला असता आणि पक्षी मागे गेला असता. उठावाने ते उलटे झाले. ढाल मागे राहिली आणि कबुतर तिच्यापुढे आले. शिवाय उठावाला प्रकाश लागतो. तिकीट खिडकीपाशी नेले की पंखाच्या एका अंगाला छाया पडते, ते फिरवले की छाया दुसऱ्या अंगाला जाते. रंगाने हे साधत नाही. वास्तुविशारदाला ते सुचावे यात नवल नाही. भिंतीवर ऊन कसे सरकते हे पाहण्यात त्याचा जन्म गेलेला असतो. आणि पत्र हे उडत जाणारे, हलके, जागा बदलणारे आहे हे सांगण्यासाठी त्याने तिकिटावरील तेवढाच भाग रंगातून सोडवून घेतला. येथे दुसरी पद्धत पहिलीच्या मदतीला आलेली नाही. पहिली जे बोलूच शकत नाही ते ती बोलते. मिश्र छपाईच्या तिकिटांना लावावयाची माझी कसोटी मी या कबुतराकडूनच घेतली आहे.

ती लावली की पुढचे कित्येक थोर लोक नापास होतात. १८५५ मध्ये सार्डिनियाच्या राज्याने तिकिटे काढली: चौकट टाइपाची रंगीत, आणि मध्ये राजे व्हिक्टर इमॅन्युएल यांचे डोके उठावाचे. पद्धती त्याच, जोडी तीच. पण राजाचे डोके उठावात घेण्याचे कारण एवढेच की नाण्यावर ते तसेच असते. तिकिटाने नाण्याचे सोंग घेतले आहे. बाझलच्या कबुतराला प्रकाश हवा होता, या राजाला रुबाब हवा होता. त्यातून चौकट आधी छापायची आणि डोके मागाहून वेगळ्या दाबाने उठवायचे असे असल्यामुळे काही तिकिटांत महाराज शीर्षासन करताना दिसतात. संग्राहकांना ती फार प्रिय आहेत. जर्मन साम्राज्याने १८७२ च्या आरंभी गरुडाची तिकिटे काढली; त्यातही भोवती रंगाची छपाई आणि मध्ये उठावाचा पांढरा गरुड. गरुडाच्या छातीवरची ढाल लहान दिसली म्हणून त्याच वर्षी ती मोठी करण्यात आली. मला ढालीपेक्षा त्या पक्ष्याची चिंता वाटते. पिसे, पंजे, मुकुट, ढाल असे सगळे नखाएवढ्या जागेत शाईवाचून उठवायचे म्हटले की काहीच उठत नाही. हाताला खडबड लागते, डोळ्यांना गोंधळ दिसतो. उठावाला एक मोठा, सोपा आकार लागतो. बेरीला हे ठाऊक होते. आफ्रिकेतील गांबियाच्या, १८६९ पासून निघालेल्या व्हिक्टोरिया राणीच्या तिकिटांत ते पुन्हा दिसते. तेथे साध्या रंगावर नुसते एक शांत पांढरे मुख आहे, आणि नाण्याचीच नक्कल असूनही ते डोळ्यांना निववते. नियम केला की त्याला अपवाद लगेच भेटतो, तो हा असा.

हिंदुस्थानातील पहिला बहुरंगी प्रयोग दोन पद्धतींचा नव्हता, दोन शिळांचा होता. १८५४ मध्ये कलकत्त्यास सर्व्हेअर जनरलच्या कचेरीत कॅप्टन थुइलिये यांच्या देखरेखीखाली चार आण्यांचे तिकीट छापले गेले. तांबडी चौकट एका शिळेवरून, राणीचे निळे डोके दुसरीवरून. त्यातील काहींवर डोके उलटे पडले, आणि ती आज जगातील दुर्मिळ तिकिटांत गणली जातात. त्याचा उल्लेख येथे करण्याचे कारण एवढेच की दुसऱ्यांदा कागद यंत्रात घालणे म्हणजे काय जोखीम असते ते यावरून समजावे. पहिल्या खेपेस कागद ओला होतो, ताणला जातो, वाळताना आखडतो; दुसऱ्या खेपेस तो तोच कागद राहिलेला नसतो. एकाच पद्धतीच्या दोन खेपांची ही कथा. पद्धतच बदलली, तर एक यंत्र कागदाला हळुवार स्पर्श करणारे आणि दुसरे त्याला पिळून काढणारे असते, आणि दोघांचा ठसा केसाच्याही फरकाने सरकता कामा नये.

म्हणूनच गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत असली तिकिटे थोडी निघाली. नंतर यंत्रे सुधारली. जिओरी या इटालियन गृहस्थाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्राने एकाच खोदीव पत्र्यावर एकाच वेळी अनेक रंगांची शाई भरता येऊ लागली. अमेरिकेने ४ जुलै १९५७ रोजी आपल्या ध्वजाचे तिकीट त्यावर काढले. १९६४ मध्ये गृहिणींच्या गौरवार्थ काढलेल्या तिकिटात त्यांनी शिळाछपाईच्या रंगीत भूमीवर खोदीव रेषा आणल्या. घरगुती भरतकामाच्या नमुन्याचे ते चित्र आहे. प्रागच्या छापखान्याने फोटोग्रॅव्हूरचे रंग आणि पोलादी खोदछपाईची रेषा यांची जोडी दशकानुदशके चालवली, व्हिएन्नाच्या छापखान्यानेही चालवली. १९६९ मध्ये चंद्रावर मनुष्य उतरला तेव्हा अमेरिकेने दहा सेंटांचे विमानटपालाचे जे मोठे तिकीट काढले, तेही असेच दोन हातांचे. त्याची आकृती पॉल काले यांची, आणि त्याचा खोदीव मूळ साचा चांद्रवीरांबरोबर खरोखरच चंद्रापर्यंत जाऊन आला होता. त्याच्या काही प्रतींत शिळाछपाईचा तांबडा रंग पडायचाच राहून गेला. चंद्र जागेवर आहे, अंतराळवीर जागेवर आहे, फक्त त्याच्या दंडावरील ध्वजाचे तांबडे पट्टे गेले. एवढीशी उणीव, पण तिच्यामुळे कळते की काले यांच्या चित्राचा सगळा भार रेषेवर आहे. रंग तेथे पाहुण्यासारखा आला आहे; तो न येता तरी पंगत चुकली नसती.

याच्या नेमके उलट असे एक तिकीट आहे, आणि दिवाळीच्या दिवसांत त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे वावगे होणार नाही. कारण ते दिव्याचे आहे. १९७९ च्या जुलैत अमेरिकेने एक डॉलरचे तिकीट काढले. त्यावर जुन्या पद्धतीची एक लोखंडी दिवटी, तिच्यात मेणबत्ती आणि वर ज्योत. सत्य आणि विवेक यांच्या इंधनावर अमेरिकेचा दिवा तेवतो आहे, अशा अर्थाची ओळही आहे. दिवटी, तिची छायारेषा आणि अक्षरे तपकिरी रंगात, खोदछपाईची. मेणबत्तीचा फिकट रंग, ज्योतीचा पिवळा आणि नारिंगी हे सगळे ऑफसेटचे. आधी रंग छापायचे, मग तोच कागद खोदछपाईच्या यंत्रातून काढायचा.

या तिकिटाचे नशीब असे की त्याच्या छपाईत चुका झाल्या आणि त्या खपूनही गेल्या. काही प्रतींवर तपकिरी खोदछपाई पडलीच नाही. काहींवर ऑफसेटचे रंग पडले नाहीत. आणि एका मोठ्या तावावर खोदछपाई उलटी पडली. म्हणजे ज्योत जिथे असायची तिथेच आहे, पण दिवटी खाली डोके वर पाय करून उभी. हा शेवटचा प्रकार १९८६ मध्ये व्हर्जिनियातील एका टपाल कचेरीत विकला गेला आणि तो ज्यांच्या लक्षात आला ते नऊ जण निघाले अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचे नोकर. खात्याच्या कामासाठी आणलेल्या शंभराच्या पानातील पंचाण्णव तिकिटे उरली होती. त्यांनी त्यांच्या जागी साधी तिकिटे ठेवली, ती आपण घेतली, बहुतेक एका व्यापाऱ्याला विकली आणि एकेक आपल्यापाशी आठवण म्हणून ठेवले. सत्य आणि विवेक यांचे इंधन लिहिलेल्या तिकिटाला हे भाग्य यावे, हे एखाद्या कादंबरीकाराने लिहिले असते तर संपादकाने कृत्रिम म्हणून परत पाठवले असते.

पण किस्सा बाजूला ठेवू. समीक्षकाला असा योग क्वचित येतो की दोन कलावंतांनी मिळून केलेले काम त्याला सुटे सुटे करून पाहता यावे. कादंबरीत निवेदन कोठे संपते आणि पात्राचे मन कोठे सुरू होते हे आपण तर्काने ठरवतो. येथे छापखान्यानेच ते फाडून दाखवले आहे. खोदछपाई नसलेले तिकीट घ्या. अंधुक पिवळट डाग, त्यात नारिंगी ठिपका. ही ज्योत आहे हे कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही. रंग नसलेले तिकीट घ्या. दिवटी आहे, तिचा प्रत्येक वळसा आहे, लोखंडाचा जडपणा आहे, परंतु घरात कोणी नाही असे वाटते. आता अखंड तिकीट पाहा. पोलादी रेषेतून लोखंड झाले आहे, कारण ती रेषा स्वतः धातूत कोरलेली आहे; ती कागदावर उंच उभी आहे, दिवटीला वजन आहे. आणि ज्योत कागदात जिरलेली, सपाट, कडा नसलेली आहे, कारण ज्योतीला वजन नसते. ज्याला भार आहे ते भाराने छापले, ज्याला भार नाही ते स्पर्शाने. दोन पद्धतींतील भेद हाच येथे चित्राचा आशय झाला आहे. बाझलच्या कबुतरानंतर इतके सरळ उत्तर मला दुसरीकडे आढळलेले नाही, आणि तेही एका नित्याच्या वापरातील तिकिटात, जे कोणी फारसे सुंदर मानीत नाही.

येथे शुद्धतावादी मंडळींचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. ते म्हणतात, तिकीट म्हणजे खोदीव रेषा. बाकी सगळा बाजार. चेस्लाव स्लानिया या पोलंडमध्ये जन्मून स्वीडनमध्ये स्थायिक झालेल्या खोदकारागिराने २००५ मध्ये मृत्यू येईपर्यंत हजारावर तिकिटे कोरली. त्याच्या रेषेखाली रंगाचा गालिचा कशाला, असा त्यांचा प्रश्न. प्रागने १९६६ पासून चित्रकृतींची जी मालिका काढली, तिच्यातील रंगीत तिकिटे सपाट पत्र्यांवरून खोदछपाईतच निघाली आणि त्यांना दुसऱ्या कोणाचा आधार लागला नाही, हेही ते दाखवून देतात. खरे आहे. एका हाताने सारे साधत असेल तर दुसरा हात लावू नये. परंतु मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे जे नियम सांगितले त्यांतील मधला या मंडळींना मान्यच नाही. दिवटीच्या तिकिटात संवाद कमी आणि विरोधच अधिक आहे. त्यावरच ते उभे आहे. शुद्ध खोदछपाईत ज्योत कोरली असती, तर तीही लोखंडाचीच झाली असती.

आता घरच्याकडे वळतो. नाशिकरोडला १९२५ मध्ये इंडिया सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि १९२६ पासून आपली तिकिटे येथे निघू लागली. तोवर ती लंडनहून येत. १९३१ ची नव्या दिल्लीची देखणी तिकिटे नाशिकच्या ऑफसेटची. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये गांधीजींची चार तिकिटे काढावयाची ठरली तेव्हा फोटोग्रॅव्हूरची सोय येथे नव्हती, म्हणून ती स्वित्झर्लंडात छापून आणली. स्वदेशीच्या उद्गात्याचे पहिले तिकीट परदेशी निघाले, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी त्या चेहऱ्यावर लिहितो. त्यात एकही रेष नाही. कपाळापासून मिशीपर्यंत नुसती छाया आहे, कमी आणि अधिक, आणि ती छाया इतकी मऊ आहे की त्याखाली नागरीत आणि उर्दूत लिहिलेले 'बापू' हे दोन अक्षरांचे नाव पुरेसे वाटते. आता पुन्हा पाचशेची नोट पाहावी. तोच माणूस, पण खोदीव. गालावरची प्रत्येक सुरकुती रेषेने बांधलेली, चष्म्याची काडी काडीसारखी. तिकिटावरचे बापू आजोबा आहेत, नोटेवरचे गांधीजी राष्ट्रपिता आहेत. पद्धत बदलली की माणसाशी आपले नातेच बदलते. दोन्ही हात ज्याला लागले आहेत असे गांधीजींचे एखादे तिकीट, छायेचा चेहरा आणि त्याभोवती रेषेचे काही, मला पाहावयास मिळाले असते तर या लेखाला अधिक रंग चढला असता.

१९५२ च्या ऑक्टोबरात नाशिकला फोटोग्रॅव्हूर आले. कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ ही सहा तिकिटे त्या यंत्राचे पहिले पीक. चेहरे चांगले उतरले. दाढीला आणि संध्याप्रकाशाला ही पद्धत फारच मानवते. रवींद्रनाथांना तर जणू ती मुद्दाम शोधली. पण भिंगातून अक्षरे पाहावी. फोटोग्रॅव्हूर चित्राची जशी खळगी करते तशीच अक्षरांचीही करते. तिला दोहोंतला फरक ठाऊक नाही. परिणामी रेघेची कड सरळ न राहता करवतीसारखी होते. रोमन अक्षर हे सोसते. आपली नागरी सोसत नाही. जिची सारी शोभा एका सरळ शिरोरेषेवर टांगलेली, जिच्यात वेलांटी, रफार, जोडाक्षर, अनुस्वार यांची गर्दी, तिची शिरोरेषा दातेरी झाली की शब्द कुरतडल्यासारखा दिसतो. आणि आपल्या तिकिटावर तर देशाचे नाव, व्यक्तीचे नाव, किंमत, सगळे दोन लिप्यांत लिहावे लागते. ऑफसेटने अक्षरे अधिक स्वच्छ येतात हे मान्य, पण ती कागदावर पसरून निजलेली असतात.

मिश्र छपाई आपल्याकडे क्वचितच दिसते याचे मला वाईट वाटते ते या कारणासाठी. उंची देशांसारखी चैन आपल्यालाही असावी म्हणून नव्हे. चित्र छायेच्या पद्धतीने आणि लिपी रेषेच्या पद्धतीने छापली, तर तिकिटावरची नागरी प्रथमच आपल्या अंगच्या घाटाने उभी राहील. त्याच नाशिकरोडला नोटांचाही छापखाना आहे. तेथे खोदीव रेषा रोज कोट्यवधींनी कागदावर चढते, हाकेच्या अंतरावर. आणि संतकवींच्या नावांना ती मिळत नाही. खर्चाचे कारण सांगतात ते मी झटकून टाकीत नाही. दुसऱ्या खेपेला पैसा लागतो, तिकीट स्वस्त हवे, आणि पोलादावर उलटी रेघ कोरणारा माणूस तयार व्हायला वर्षे लागतात. पण पूर्वी तिकिटे कोट्यवधी पत्रांना पुरवायची होती. आज बहुतेक टपालावर छापील पट्टी येते, तिकीट येत नाही. जी तिकिटे निघतात त्यांतली पुष्कळशी थेट संग्रहात जातात. त्यांना चोराचे भय उरले नाही आणि घाईही उरली नाही. त्यांनी चांगले दिसावे एवढेच काम आता उरले आहे.

आणि येथेच दुसरा धोका सुरू होतो. चांगले दिसण्याऐवजी चमत्कारिक दिसणे सोपे असते. ऑस्ट्रियाने २००४ मध्ये तिकिटावर काचेचे स्फटिक चिकटवले, २००६ मध्ये उल्केची धूळ लावली. आपण त्याच साली चंदनाच्या वासाचे तिकीट काढले. पुढे गुलाब आणि मोगराही आला. वास छान होता, नाही असे नाही. पण वास उडून गेल्यावर हातात काय राहते, ते चित्र कसे आहे, हे कोणी विचारले नाही. आपल्या घरांत रविवर्म्याची छापील चित्रे असत. मुंबईत १८९४ मध्ये निघून पुढे मळवलीला गेलेल्या त्या शिळाछापखान्याची ती चित्रे अनेक शिळांचे अनेक रंग एकमेकांवर चढवून निघत. त्यांतल्या कित्येक लक्ष्मींना आणि सरस्वतींना घरच्या बायकांनी जरीचे कापड, मोती, टिकल्या चिकटवून नटवले. मला त्या बायकांविषयी आदर आहे. ती त्यांची पूजा होती. टपाल खात्याने तेच केले की त्याला पूजा म्हणता येत नाही.

दिवाळीत मुले घरी असतात, जुन्या पत्रांचे गठ्ठे माळ्यावरून खाली येतात. तिकीट पाकिटावरच ठेवून पाहावे, वाफेवर धरून सोडवू नये. आधी नख हलकेच फिरवावे: लागले तर खोदछपाई. मग भिंग घ्यावे, आणि चित्र सोडून अक्षराची कड पाहावी: करवतीचे दाते दिसले तर ग्रॅव्हूर, कडेला शाईची दाट किनार दिसली तर टाइप, दोन्ही नसून सपाट असेल तर ऑफसेट. एकाच तिकिटात दोन उत्तरे आली तर ते बाजूला काढून उन्हात तिरपे धरावे. सुटे तिकीट असेल तर शेवटी मागची बाजूही पाहावी. टाइपाचा दाब आणि उठावाचा ठसा तेथे आपली खूण ठेवतात. बाझलच्या तिकिटाला मागे रंग नाही, अक्षर नाही. पांढऱ्या कागदात एक कबुतराच्या आकाराचा खळगा तेवढा आहे.